सीटचं नाक

४ फेब्रुवारी

आत्या,

फोन उचलला नाहीस तेव्हा आठवलं, सीझन सुरू झाला. पंचाने सीझनभर कुठल्याही खेळाडूचा फोन घ्यायचा नाही, जे बोलायचं ते कागदावर बोलायचं, हा नियम काही संघटनेचा नाही. तुझा तूच केलेला आहे, आणि त्यात सख्ख्या भाचीलाही सूट नाही. घे बाई, कागदावर. अक्षर लागलं नाही तर कुरकुर करायची नाही.

बातमी अशी की बाबांनी सायकल पाठवली. कितीतरी रविवार दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून तिच्यापाशी बसले होते म्हणे. पुढचे लांब दांडे, कोपर टेकवायच्या गाद्या, सगळं माझ्या मापाचं. वसतिगृहातल्या मुली तिला हात लावायच्या आधी हात पुसून घेतात. सोबत बाबांची चिठ्ठी होती, त्यात एकच वाक्य: ‘बोल्ट सगळे आवळलेत, हात लावू नकोस.’ तुझा भाऊ शोभतो अगदी.

मार्चच्या निवड शर्यतीतून घड्याळाच्या शर्यतीसाठी एकीलाच घेणार आहेत. एकेकीने सुटायचं, पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, जिला सगळ्यात कमी वेळ लागेल ती देशाच्या संघात. सर म्हणतात, मी नाहीतर वेणीवाली, तिसरं नाव नाही. मला चोवीस पूर्ण झाली. यंदा निवड झाली नाही तर वसतिगृहातली खोली सोडावी लागेल, मग मी आहे आणि बाबांच्या दुकानातली पंक्चरं आहेत.

एक विचारायचं होतं. इथल्या एका मैत्रिणीला सीट फार टोचते. कोपर टेकवून पुढे वाकलं की सगळा भार सीटच्या नाकावर येतो ना, तिथे. नाक जरा आणखी खाली झुकवलं की तिला बरं वाटतं. किती झुकवलेलं चालतं? मैत्रिणीसाठी विचारतेय हं.

तुझी
टिटवी


१२ फेब्रुवारी

टिटवे,

अक्षर लागलं, पण डोळे फुटायची वेळ आली. लांब तंगड्या आणि अखंड कलकलाट म्हणून तुझं नाव मी टिटवी ठेवलं. अक्षर बघून ठेवलं असतं तर वेगळंच ठेवलं असतं.

मैत्रिणीला सांग: नऊ अंश. दहावा नाही. नाक फार खाली गेलं की सीटची मागची बाजू टेकूसारखी वर येते, तिला रेटा देऊन जास्त जोर काढता येतो. एकीला तो टेकू मिळाला आणि दुसरीला नाही, तर मग घड्याळ कशाला लावायचं? शर्यत पायांची आहे, पान्यांची नाही. एवढ्यासाठी आम्ही सायकल मापाच्या चौकटीत उभी करतो, सीटवर उतार मोजायची पाणसळ ठेवतो, दांड्यांची लांबी बघतो, मोजे कुठवर ओढलेत तेही बघतो. लोक हसतात. हसू देत. मी पाणसळ ठेवते तेव्हा मला सीटखेरीज काही दिसत नाही, आणि दिसूही नये.

टोचण्याचं म्हणशील तर सीट सगळ्यांनाच टोचते. कातडं निबर होतं, सवय होते. अगदीच सहन होत नसेल तर सवलतीचा अर्ज असतो, डॉक्टरांचा दाखला जोडून करायचा. मंजूर झाला की थोडा जास्त उतार मिळतो.

तुझी सायकल मी तपासणार नाही, हे आत्ताच सांगते. चष्मेवाले पंच तपासतील आणि मी तंबूच्या दुसऱ्या टोकाला असेन. दादालाही तसं सांगून ठेवलंय. तो म्हणाला, ‘कुणीही तपासा, माझ्या बोल्टला काय होतंय!’

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

मैत्रीण विचारतेय, तो अर्ज कोण कोण वाचतं?

सराव चालू आहे. काल सर म्हणाले, तू सीटवर सारखी चुळबुळ करतेस, त्यात वेळ जातो. बाकी ठीक.

टिटवी


२ मार्च

टिटवे,

एवढंसं पत्र? बरी आहेस ना?

अर्ज समितीतले पाच जण वाचतात. चार पुरुष आणि मी. मग संघटनेचे डॉक्टर एकदा तपासतात. मंजूर झाला की नाव आणि कारण तंबूबाहेरच्या काचेच्या फलकात लागतं, म्हणजे कुणाला मागच्या दाराने काही मिळालं असं बाकीच्यांना वाटू नये. त्यात लपवण्यासारखं काय आहे? कुणाचा गुडघा असतो, कुणाची पाठ. मैत्रिणीला म्हणावं, एवढं लाजायला काय झालं?

नीट खात जा. झोप काढ.

आत्या


२३ मार्च

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. नाव घालून सुरुवात करायला हात धजत नाही.

तू जिंकली होतीस. आधी ते लिहिते, कारण ते खरं आहे. वेणीवालीपेक्षा तुझा वेळ चांगलाच कमी होता आणि आलीस तीही अशी की तंबूतले सगळे उठून उभे राहिले. मी दुसऱ्या टोकाला होते. पंच आहे म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हात एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.

पहिल्या येणारीची सायकल पुन्हा चौकटीत जाते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. चष्मेवाल्यांनी सीटवर पाणसळ ठेवली, कोन बघितला आणि माझ्याकडे बघितलं. सकाळी नऊ अंशांच्या आत असलेली सीट बारा अंशांच्या पुढे गेली होती. ते मला हळूच म्हणाले, ‘बाई, जमीन जरा उतरती आहे का इथे?’ चांगला माणूस आहे. मला वाट काढून देत होता. मी म्हणाले, ‘पुन्हा लावा.’ त्यांनी तीनदा लावली. मग तुला बाद करण्याचा कागद माझ्यापुढे आला, कारण मुख्य पंच मी आहे, आणि मी सही केली.

तू तंबूबाहेर मान खाली घालून उभी होतीस. दादा आत आला. त्याने सीटखालच्या बोल्टवर बोट ठेवलं, फिरवून बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘माझ्याकडून ढिला राहिला असेल. रस्त्यात घसरली असेल सीट. पोरीची काही चूक नाही.’ ज्याने आयुष्यात एक बोल्ट ढिला सोडला नाही त्याच्या तोंडून हे मला ऐकावं लागलं.

ढिली सीट घसरली तर डुगडुगत राहते, नव्या कोनात अशी घट्ट बसत नाही, एवढं मला कळतं. कुणीतरी हाताने फिरवली होती. तीन अंशांसाठी, एका टेकूसाठी, तू बापाला सगळ्या गावादेखत खाली बघायला लावलंस. तुला एवढी हाव कधीपासून सुटली गं? मला नुसतं ते सांग.

आत्या


१ एप्रिल

आत्या,

बाबांनी बोल्ट नीट आवळला होता. बोल्ट सोडवायची चावी माझ्या मोज्यात होती. तुम्ही मोजे मोजलेत, आतमध्ये कुणी बघितलं नाही. तपासणी झाल्यावर रांगेत उभी असताना खाली वाकून चेन बघतेय असं दाखवलं आणि बोल्ट सोडवून नाक खाली केलं. हे तुला कागदावर हवं होतं, हे घे कागदावर.

आता बाकीचं. मैत्रीण वगैरे कुणी नाही.

डिसेंबरपासून मला खाली सूज आहे. आपण बायका ‘खाली’ म्हणतो आणि तिथेच थांबतो, म्हणून पुढचं लिहिते. योनीच्या बाहेरच्या बाजूला, उजवीकडे. आधी नुसतं घासलं जायचं, मग गळू झालं, ते फुटलं, पुन्हा झालं. आता ती बाजू इतकी सुजलीय की चालतानाही कळतं. लघवीला बसले की ओठ चावून बसते. सराव झाला की न्हाणीघरात रक्त धुऊन मग सगळ्यांबरोबर जेवायला जाते. सरांना एकदा आडून आडून सांगितलं. ते म्हणाले, अंगावर मांस नाही म्हणून टोचतं, जाड गादीची चड्डी घाल. आईला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी सायकल बंद केली असती. बाबांना काय सांगू? ज्या सीटवर त्यांनी इतके रविवार घालवले तिच्यावर मला बसवत नाही, आणि का ते सांगताही येत नाही?

म्हणून तुला विचारलं. तू लिहिलंस, सगळ्यांनाच टोचते, सवय होते. मग अर्जाचं विचारलं. तू लिहिलंस, चार पुरुष वाचतील, डॉक्टर बघतील आणि मग फलकावर लागेल, लाजायला काय झालं. तुला लाज वाटण्याजोगं काहीच दिसलं नाही, कारण तू गुडघ्याचा विचार करत होतीस.

त्या दिवशी नाक खाली केलं आणि कितीतरी महिन्यांनी मी दुखण्याचा विचार न करता सायकल चालवली. तेवढंच झालं गं. टेकू बिकू मला माहीतही नाही. रस्ता एवढा छान आहे हे मला त्या दिवशी दिसलं. हाव म्हणतेस तर म्हण.

बाबांना सांगू नकोस. हात जोडते.

टिटवी


६ एप्रिल

माझ्या बाळा,

तुझं पत्र वाचून मी उठले आणि उगीचच ओटा पुसत राहिले. मग पुन्हा वाचलं.

‘सगळ्यांनाच टोचते’ हे मी लिहिलं. ते वाक्य आता खोडता येत नाही, कारण कागदावर आहे. पाणसळ ठेवताना मला फक्त सीट दिसते हे किती तोऱ्यात सांगितलं होतं मी तुला! तिच्यावर माणूस बसतं. तुझ्याबद्दल हाव हा शब्द वापरला, तो मला माझ्याच तोंडावर मारून घ्यावासा वाटतोय.

आता ज्यावरून तू माझ्यावर चिडशील ते. निकाल बदलणार नाही. नऊ म्हणजे नऊ, आणि त्या दिवशी वेणीवाली नवावरच चालवत होती. माझ्यापुढे तो कागद पुन्हा आला तर मी पुन्हा सही करीन. शिवाय तू मुद्दाम बोल्ट सोडवलास हे आता मला ठाऊक आहे. मी पंच आहे, ते पोटात ठेवता येणार नाही. समितीला तू स्वतः लिही. बंदी येईल, मोठी येईल. नाही लिहिलंस तर मला लिहावं लागेल, आणि त्याच पाकिटात मी माझा राजीनामा घालीन, कारण त्यानंतर मला कुणाची सीट मोजवणार नाही. तुला घाबरवायला लिहीत नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, तो असाच मेला.

पण त्याआधी डॉक्टर. इथे एक डॉक्टरीणबाई आहेत, हेच बघतात. मी त्यांच्याशी बोलले, तुझं नाव न घेता. त्या म्हणाल्या, अजिबात थांबू नका, अशा मुली येतात, फार उशिरा येतात. गुरुवारी मी तुला घ्यायला येतेय. सीझन गेला खड्ड्यात.

दादाला सांगायला हवं. तो अजून दुकानात तो बोल्ट हातात घेऊन बसतो. मी सांगू का?

आत्या


२० एप्रिल

पोरी,

मला पत्र लिहायची सवय नाही. बिल लिहितो तेवढंच. चुकलं तर समजून घे.

आत्याने सांगितलं. अर्धं बोलली आणि रडायला लागली, उरलेलं तुझ्या आईने सांगितलं. तिलाही आत्ताच कळलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या ऑपरेशनच्या आधी ती येतेय. मीही येतो, बाहेर बाकावर बसेन.

माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा सायकलला हात लावत नाही. आधी विचारतो, चालवताना कुठे दुखतं? कंबर म्हणाला तर दांडा वर घेतो, गुडघा म्हणाला तर सीट. आज इतकी वर्षं विचारतोय. तुझी सायकल बांधली, तुझ्या पायाचं माप घेतलं, हाताचं घेतलं आणि तुला तेवढं विचारलं नाही. पोरीला कसं विचारायचं, म्हणून नाही विचारलं. मनात आलं होतं एकदा. खोटं कशाला बोलू.

समितीला काही लिहू नकोस. आत्या नियमाची आहे, तिचं मी बघतो. बोल्ट माझ्याकडून ढिला राहिला हे लोकांनी मान्य केलंय, तेच राहू दे. दोन गिऱ्हाइकं कमी झाली तर मी उपाशी मरत नाही. बंदी आली तर तू कशी राहशील? तू बरी हो. बाकी माझ्यावर सोड.

बाबा


११ मे

आत्या,

टाके काढले. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळेवर आलात असं काही म्हणता येणार नाही, पण भरून येईल. आई खोलीभर माझी पथ्यं सांगत फिरते. बाबा खरंच बाकावर बसून राहिले होते. नर्सने विचारलं कोण लागता, तर म्हणाले, ‘मेकॅनिक.’ नर्स हसली, ते नाही हसले.

समितीला पत्र टाकलं: बोल्ट मी सोडवला, एवढंच, का ते नाही. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात ते मला जन्मभर पुरेल, पण तुमचा बोल्ट ढिला होता असं लोक म्हणतात तेव्हा ते मला जखमेपेक्षा जास्त लागतं. मग त्यांनी माझ्या हातातला ग्लास भरून दिला.

तुझ्यावर मी चिडले होते. आता थोडीच चिडलेय.

टिटवी


१८ जून

टिटवे,

निकाल तुला टपालाने येईलच, पण आधी माझ्याकडून कळू दे. ऑक्टोबरअखेरपर्यंत बंदी. दादाचं नाव कागदोपत्री स्वच्छ झालं. चष्मेवाले ते वाचून दाखवताना म्हणाले, ‘मला वाटलंच होतं, त्या माणसाचा बोल्ट नाही घसरायचा.’

फलकावर कारण लावू नये, नुसतं ‘वैद्यकीय’ लिहावं, आणि मुलींना बाई डॉक्टरांनीच तपासावं, असं मी समितीपुढे मांडलं. दुसरं मंजूर झालं. पहिलं पडलं. तुझं नाव घेतलं नाही, म्हणून असेल. एक सदस्य म्हणाले, पारदर्शकता हवी. दुसरे म्हणाले, अशा तक्रारी कधी आल्याच नाहीत. मी म्हटलं, येणार कुठून, त्या फलकावरून? ते खिडकीबाहेर बघायला लागले. हरले गं मी.

म्हणजे पुन्हा उतरायचं असेल तर सवलत मिळेल, पण कारण काचेत लागेल, सगळ्यांना दिसेल असं. नाही उतरलीस तरी मी काही म्हणणार नाही.

आत्या


२२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तू कालच्या शर्यतीतही तंबूच्या दुसऱ्या टोकाला होतीस, म्हणून तुला जे दिसलं नसेल ते सांगते.

अर्जात कारणाच्या जागी काय लिहायचं यावर घरात तीन माणसांची सभा भरली होती. आई म्हणाली, ‘त्वचेचा त्रास’ लिही. खोटं नाही. मी पेन उचललं आणि लिहिलं: ‘शर्यतीच्या सीटमुळे योनिमुखाला झालेली जखम व शस्त्रक्रिया.’ लिहून झाल्यावर ते वाक्य इतकं साधं दिसलं की मलाच नवल वाटलं. याच्यासाठी मी एवढे महिने रक्त धूत होते?

काल सकाळी मी सायकल घेऊन पोचले तेव्हा फलकापुढे माणसं होती. मेकॅनिक, सर, काही मुली. परत फिरावंसं वाटलं, खरं सांगते. बाबा माझ्या पुढे चालत होते. ते थेट फलकाशी गेले. काचेवर दव होतं, अक्षरं पुसट दिसत होती. बाबांनी खिशात हात घातला. नेहमीचं ग्रीसचं फडकं नव्हतं, आईने इस्त्री करून दिलेला रुमाल होता. त्याने त्यांनी ती काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसली आणि मागच्यांना वाचता यावं म्हणून बाजूला सरकून उभे राहिले.

चौथी आले. तुला ठाऊकच आहे. त्या दिवसासारखा वेग आता नाही, कदाचित येणारही नाही. खोली गेली, संघ गेला, सोमवारी दुकानात पंक्चरं आहेत. वाईट वाटतं. रात्री रडलेही. पण दुखलं नाही, आत्या. शेवटपर्यंत कुठे दुखलं नाही.

आणि एक. कपडे बदलायच्या खोलीत वेणीवाली माझ्या शेजारी येऊन बसली. आता ती संघाची आहे, मला वाटलं टोमणा मारेल. बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिली. मग खालीच बघत म्हणाली, ‘तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता देशील? एका मैत्रिणीला हवाय.’

मी पत्ता लिहून दिला. म्हटलं, ‘मैत्रिणीला म्हणावं थांबू नकोस, उद्याच जा. एकटीने जायचं नसेल तर मी येते तिच्याबरोबर.’

तुझी
टिटवी